डोंगराचं देणं

वनीकरणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: देवराईला कुणी खत घालत नाही, मग उजाड डोंगरावर लावलेल्या झाडांना ते कशाला? प्रश्न रास्त आहे. मुळशीचा डोंगर समोर ठेवून तो उलगडून पाहू.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला. देवराईत पडलेलं पान तिथंच कुजतं आणि पुन्हा झाडात जातं. शेजारच्या उतारावर हिशेब वेगळा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणून वर्षानुवर्षे तिथल्या फांद्या खाली आल्या. कोळशासाठी लाकूड गेलं. झाडोरा विरळ झाला, तशी पावसानं वरची मातीही नेली. पोटासाठी राबणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण डोंगरातून काय गेलं ते मोजायला हवं.

मुख्यतः दोन गोष्टी गेल्या, नत्र आणि स्फुरद. नत्र परत मिळवता येतो, कारण हवेचा ७८ टक्के भाग नत्रच आहे. करंज, पळस, पांगारा, शिरीष, खैर या आपल्या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. बहावा आणि आपटाही शेंगांचेच, पण त्यांना अशा गाठी येत नाहीत. कूळ एक म्हणजे गुण एक, हे अनुमान इथं फसतं.

स्फुरद हवेत नाही. तो खडकातून येतो, फार सावकाश. आणि तांबड्या, आम्लधर्मी मातीत लोह व ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. शिवाय नत्र बांधायला भरपूर ऊर्जा लागते, आणि ती पुरवणाऱ्या रेणूतच स्फुरद असतो. म्हणजे स्फुरदाची चणचण असेल, तर करंज लावूनही नत्राचं काम अडतं.

म्हणून माती तपासून लावणीच्या खड्ड्यात शेणखतासोबत रॉक फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा मिसळावा. युरिया नको, आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी धरतं. खत वरून फेकूही नये. त्यानं गवत माजतं, रोपाला दाबतं आणि उन्हाळ्यात वणव्याला खाद्य होतं. पुढच्या पावसाळ्यात कडेची माती हलकेच उकरून एखादी गाठ कापून बघा. आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे.

आता मूळ प्रश्न. खत घातलेलं रान खरं रान का? आमचं उत्तर असं: झाड जे स्वतः मिळवू शकतं ते देऊ नये, जे डोंगरातून नेलं गेलं, ते सुरुवातीला परत करावं. हा उपकार नव्हे, देणं आहे. पुढची काही वर्षं गुरं, वणवा आणि कुऱ्हाड यांपासून राखण करावी. पानगळ तिथंच कुजू लागली, की त्या उतारालाही देवराईसारखंच खत लागणार नाही.