मठाच्या फरशीत समुद्र

कोलंबियातल्या विया दे लेइवाला गेलात, तर सांतो एक्से ओमो मठात खाली बघत चाला!

बोगोटाच्या उत्तरेला, सुमारे २,१०० मीटर उंचीवरचं हे गाव स्पॅनिशांनी १५७२ मध्ये वसवलं. पांढऱ्या भिंती, कौलं, लाकडी सज्जे आणि मधोमध दगडगोट्यांचा जवळपास १४,००० चौरस मीटरचा चौक. फोटो सगळे इथलेच काढतात.

मला जीवाश्मांचं वेड, त्यामुळे माझा सगळा वेळ गावाबाहेरच्या मठात गेला. डोमिनिकन साधूंनी तो १६२० मध्ये स्थापन केला. बांधकामाला आणि फरशीला आसपासचाच दगड वापरला आणि त्या दगडात अमोनाइट आहेत. गोल, वेटोळ्या शंखांचे हे सागरी जीव डायनासोरांच्या काळात जगले. गंडकीतले शाळिग्राम आठवा, तेही अमोनाइटच!

इतक्या उंच डोंगरात समुद्री जीव कसे? साधारण बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तळाच्या गाळात शंख गाडले गेले, गाळाचा खडक झाला आणि पुढे अँडीज उचलला गेला, तेव्हा तो तळही वर आला. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, म्हणून त्याच्या काळ्या कातळात अमोनाइट मिळत नाहीत.

जवळच १९७७ मध्ये एका प्रचंड सागरी सरीसृपाचा सांगाडा सापडला. तो हलवला नाही, त्याच्याभोवतीच संग्रहालय उभारलं. हा निर्णय मला फार आवडला. अवश्य बघा.

रस्त्यावर जीवाश्म विकायला दिसतात. कृपया घेऊ नका.