पडदानशीन राण्यांची वकीलबाई

निंबाळकर सरदारांच्या किल्ल्यामुळे आणि 1795 च्या लढाईमुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या आमच्या खर्ड्यात ज्यांना घराणी, वारसे आणि वाड्यांतील कारस्थाने यांच्या कथांची गोडी आहे, त्यांनी सुजाता मॅसी यांच्या पर्वीन मिस्त्री मालेकडे अवश्य वळावे. डोरोथी सेयर्स यांनी 1923 पासून लॉर्ड पीटर विम्झी या उमराव शोधकाकरवी इंग्रजी उच्चवर्गाची जी चतुर उलटतपासणी मांडली, तिच्याच जातकुळीचे हे लेखन 1920 च्या दशकातील मुंबईत घडते. शोधक मात्र येथे पारशी वकील तरुणी आहे. पहिल्या कादंबरीत मलबार हिलवरील तीन विधवा सारा वारसाहक्क धर्मादायास लिहून देतात, आणि एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली पाहून पर्वीन थबकते: जिला दस्तऐवज वाचताच येत नसावा, तिची संमती ती कसली!

‘द सातापूर मूनस्टोन’ (2019) मध्ये सह्याद्रीतील एका कल्पित संस्थानात बालराजाच्या शिक्षणावरून आजी आणि आई या दोन राण्यांचा कलह पेटतो, आणि जनान्यात पुरुषास मज्जाव असल्याने पर्वीनची रवानगी होते. ही नुसती कल्पनेची भरारी नव्हे. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्री कॉर्नेलिया सोराबजी 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सतर्फे पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे हक्क राखीत होत्या.

वाचन पहिल्या भागापासूनच करावे. पर्वीनच्या स्वतःच्या विवाहाची करुण कैफियत तेथेच आहे.