वळिवडे : चूल, शाळा आणि पाच वर्षं

गांधीनगरची कापडपेठ साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. ही पेठ जिथे आहे त्या कोल्हापूरजवळच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती.

१९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये सोव्हिएत संघ आणि पोलंडचं परागंदा सरकार यांच्यात करार झाला आणि त्यानंतर त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यासोबत अनेक कुटुंबं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. पुरुष लढायला गेले, बायकामुलांसाठी आसरा शोधावा लागला. जामनगरचे राजे जामसाहेब यांनी बालाचडीत अनाथ मुलांना जवळ केलं आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे मोठी वसाहत उभी राहिली.

या वसाहतीकडे वळून पाहताना मला छपरांपेक्षा चुलीच महत्त्वाच्या वाटतात. इथे कुटुंबाला स्वतःच्या खोल्या होत्या. बाई स्वतः बाजार करी, स्वतः रांधी. मुलांसाठी पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. आसपासच्या गावांतले विक्रेते भाजी, फळं घेऊन येत. एकमेकांची भाषा न येणारी माणसं भाव करता करता ओळखीची झाली. हातात नुसतं ताट ठेवलं, की माणूस जगतो. त्याची चूल आणि मुलांची शाळा परत मिळाली, की तो पुन्हा गृहस्थ होतो. उपासमारीतून आलेल्या या आयांना वळिवड्यात तेच मिळालं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, पण त्यांचं घर उरलं नव्हतं. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता. काहीजण पोलंडला परतले, पुष्कळजण ब्रिटन, ऑस्ट्रेलियात पांगले, काहींनी इथेच संसार थाटला.

वसाहत रिकामी होत होती, तेव्हा फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आसरा शोधत होती. त्यांना याच जागी बसवलं गेलं. त्यांनी इथे दुकानं मांडली आणि त्यातूनच आजचं गांधीनगर वाढलं.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश पाहुण्यांचं स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाने एक स्मारक उभं आहे. वळिवड्यात वाढलेली मुलं म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली. बालपणीचं गाव पाहायला माणूस परत येतो. छावणी पाहायला सहसा कोणी येत नाही.