नऊ सेकंदांचा मुखवटा

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी एक वहिनी भेटल्या. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकन सैन्याच्या केमिकल कोअरमध्ये भरती झाला आहे आणि मिसूरीतल्या फोर्ट लेनर्ड वुडला शिकतो आहे. "भावजी, तुम्ही केमिकलमधले डॉक्टर ना? माझ्या मुलाला म्हणे विषारी वायूच्या खोलीत कोंडतात!" मी गेली कित्येक वर्षे सॉफ्टवेअर लिहितो, पण पीएच.डी. केमिकल इंजिनिअरिंगची. तेव्हा त्यांना जे सांगितले, तेच आपल्या वाचकांसाठी.

खोल्या दोन असतात. पहिलीतून प्रत्येक रंगरुटाला जावे लागते. तिथे सीएस, म्हणजे पोलीस वापरतात तो अश्रुधूर असतो. आधी मुखवटा घालून आत जायचे, मग तो काढायचा. डोळे चुरचुरतात, नाक गळते, खोकून जीव नकोसा होतो. बाहेरच्या हवेत आले की थोड्या वेळात सगळे ओसरते. ही शिक्षा नव्हे. 'मुखवटा होता तोवर मला काही झाले नाही' हे शरीराला पटवायचे असते. धोक्याची सूचना मिळताच श्वास रोखून, डोळे मिटून नऊ सेकंदांत मुखवटा चढवायचा, हा सराव शेकडो वेळा होतो.

दुसरी खोली केमिकल कोअरच्या लोकांसाठी. तिथे खरे सारिन आणि व्हीएक्स अगदी थोड्या प्रमाणात वापरून ते ओळखायला आणि निकामी करायला शिकवतात. पूर्वी ही सोय अलाबामात फोर्ट मॅक्लेलनला होती, 1999 मध्ये ती मिसूरीत आली.

सारिन करते काय? मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारे एक एन्झाइम आपल्या शरीरात असते. सारिन तेच बंद पाडते. निरोप पुसला जात नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, शेवटी श्वास थांबतो. म्हणून मांडीत टोचायची ॲट्रोपिनची सुई जवळ असते. नियम असा की जखमी सोबत्याला त्याचीच सुई द्यायची, स्वतःची नाही; पुढच्या क्षणी ती आपल्यालाच लागेल. कपड्यांतले विषही धुवावे लागते. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेने इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला होता.

पोशाखात कोळशाचा थर असतो. तो विष शोषतो, पण अंगातली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे 'मुखवटे केव्हा काढायचे' हा प्रश्न जिवाचाच होतो. हवा तपासायचे उपकरण नसेल तर काय करतात, हे सांगावे की नाही, असा मला क्षणभर प्रश्न पडला. एकदोन सैनिक निवडतात. त्यांची शस्त्रे काढून घेतात आणि त्यांना सावलीत बसवतात. त्यांनी श्वास रोखून, डोळे सताड उघडे ठेवून 15 सेकंद मुखवटा चेहऱ्यापासून सैल करायचा. मग 10 मिनिटे इतरांनी त्यांच्या बाहुल्या पाहायच्या. काही झाले नाही तर पुन्हा, या वेळी दोनतीन श्वास घेऊन. तेही निभावले तर पाच मिनिटे पूर्ण काढून. त्यानंतर बाकीचे.

वहिनी हातातली करंजी तशीच धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे कुणाच्या तरी मुलाला पहिला श्वास घ्यावा लागतोच."

यावर इंजिनिअरिंगकडे उत्तर नाही. उत्तर असलेच तर ते 1997 मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदीच्या करारात आहे. भारताने आपला जाहीर साठा 2009 पर्यंत नष्ट केला, अमेरिकेने 2023 च्या जुलैत. तरीही 2013 मध्ये सिरियात दमास्कसजवळ सारिनने माणसे मेलीच. म्हणून सराव चालू राहतो.

मी वहिनींना एवढेच म्हणालो, "तो नऊ सेकंद शिकतोय, हे चांगलेच आहे."