ख्रिस्ती शाळेचे दार: दोनशे वर्षांचा मागोवा

शाळेच्या नावात ‘सेंट’ आहे, भिंतीवर क्रूस आहे, सकाळी प्रार्थना होते, म्हणजे शाळा ख्रिस्ती, असे आपण धरून चालतो. महाराष्ट्रातल्या मिशन शाळांच्या दोनशे वर्षांकडे मागे वळून पाहताना मात्र मला खरी खूण दुसरीकडे सापडते. इतरांनी ज्यांना दारात उभे केले नाही त्यांना या शाळेने आत घेतले का, आणि आत आलेल्याच्या मनावर तिने जबरदस्ती केली का, या दोन प्रश्नांवर तिचे ख्रिस्तीपण प्रत्येक वेळी पारखले गेले आहे.

1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी शाळा काढल्या. लोकांना वाचता यावे, म्हणजे ते बायबल वाचतील, हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. पण शिकवायला माणसे कुठली? मग हिंदू पंतोजीच नेमले गेले. आईबाप मुले पाठवत ती अक्षर आणि हिशेब यावा म्हणून. मिशनऱ्यांचा हेतू एक, पालकांचा दुसरा, आणि शिकवणारा पंतोजी पालकांच्याच धर्माचा, अशी ती सुरुवात होती.

याच मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. लिहायला शिकलेली मुलगी विधवा होते, असे मानणारी घरे तेव्हा कमी नव्हती. 1827 मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. पुढे 1839 पासून तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच देह ठेवला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले नगरला जाऊन तिची शाळा पाहून आले. 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही मिशनच्या शाळेला आलेले सर्वांत मोठे फळ कोणते असे विचारले, तर मी पुण्यातल्या त्या शाळेकडेच बोट दाखवीन.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मुलांना शाळेतून काढून नेण्याची एकच धांदल उडाली. 1843 मध्ये मिशन शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत अजून अल्पवयीन होता. त्याचे प्रकरण कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. शिकायला पाठवलेला मुलगा घराला कायमचा दुरावेल, ही आईबापांची भीती नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता येत नाही. मुलाच्या कोवळ्या वयावर हक्क कुणाचा, हा प्रश्न त्या वेळी मिशन शाळांनी स्वतःला पुरेसा विचारला नाही, असेच माझे मत आहे. याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ मांग समाजात काम केले आणि बेथेल ही वस्ती उभारली, हेही याच हिशेबात धरावे लागते.

1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. अनुदानामागून तपासनीस आले, परीक्षा आल्या, निकालाची चढाओढ आली. सरकारी शाळा मात्र किती सार्वजनिक होती, ते 1856 मध्ये धारवाडला दिसले. एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. बाकीची मुले निघून जातील, या भीतीपोटी मुंबई सरकारने तो नाकारला. अस्पृश्य मुले आली की वरच्या जातींची मुले जातात, हा अनुभव मिशन शाळांनाही आला होता. पण ज्या शाळांनी रिकामे बाक पत्करले आणि दार बंद केले नाही, त्यांच्या ख्रिस्तीपणाला मला दुसरा दाखला लागत नाही.

या सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते पंडिता रमाबाईंपाशी. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि सदनात धर्मप्रचार होणार नाही अशी अट होती. मुलींना आपापले सोवळे, आपापली पूजा पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. हळूहळू काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून 1893 मध्ये, सदन पुण्याला हलल्यानंतर, तिथे वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

उघडे दार म्हणजे आमंत्रण की आमिष, यावर आजही वाद होईल. मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. स्वतःची श्रद्धा लपवून दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखता येतो, असे मला वाटत नाही. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे शिकली, ख्रिस्ती झाली नाही, आणि 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा दुसरा मोठा प्रवाह असा रमाबाईंच्या दारावरून गेला आहे.

धर्मनिरपेक्षतेच्या अटीची मुदत 1898 मध्ये संपली आणि रमाबाईंनी केडगावला उभारलेले मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती झाले. दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या मुली, टाकून दिलेल्या बायका, अंध मुली मिळून तिथे एके काळी जवळजवळ 2,000 जणी राहत होत्या. शेती, विणकाम, छपाई सगळे त्याच करीत. रमाबाईंनी मुळावरून केलेले मराठी बायबलही याच बायकांच्या हातून छापले गेले. अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी 1900 मध्ये मुंबईत अंधांची शाळा काढली, तीही याच काळात.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येईल. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला. कलम 28 ने, संमतीशिवाय कुणाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही, हे पक्के केले. 1843 चा प्रश्न कायद्याने सुटला. पण स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंट शाळांना मान चढत गेला. शिस्त, स्वच्छ गणवेश आणि अस्खलित इंग्रजी हीच ख्रिस्ती शाळेची ओळख झाली. चांगले शिक्षण दिल्याबद्दल या शाळांचा गौरव व्हायलाच हवा. मात्र ज्या दारापुढे पैसेवाल्यांची रांग लागते, तिथे रांगेतच न आलेल्या मुलाचा शोध कोण घेणार? वसईत, नगरमध्ये अजून मराठी माध्यमाच्या ख्रिस्ती शाळा चालतात, आणि तिथे कामगारांची, शेतमजुरांची पोरे शिकतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असा निकाल दिला. हक्क म्हणून ही सूट समजण्यासारखी आहे. पण फरारबाईंचा आणि रमाबाईंचा वारसा सांगणाऱ्या संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: कायदा सांगत नसतानाही या जागा आपणहून द्या. गावातली मराठी शाळा पटसंख्या घटली म्हणून बंद करण्याआधी शेजारच्या वस्तीत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या पालांवर एकदा जाऊन या. तिथली मुले अजून शाळेच्या बाहेरच आहेत.