विश्लेषण : टर्बो इंजिन तापल्यावर गाडी का पेटते?

फोर्डने जानेवारी २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १.६ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाच्या ४,५५६ ‘कुगा’ गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलावल्या. त्याआधी तेथे अशा अनेक गाड्यांनी पेट घेतला होता.

नेमके काय होते?
टर्बोचार्जर इंजिनात जादा हवा दाबून भरतो. त्यामुळे छोट्या इंजिनातून अधिक ताकद मिळते, पण उष्णताही वाढते. ती बाहेर नेण्याचे काम कूलंट करते. कूलंट पुरेसे फिरले नाही, तर सिलिंडर हेड तापून त्याला तडा जातो. तड्यातून दाबाखालचे ऑइल गळून तापलेल्या भागांवर पडते आणि भडका उडतो.

उपाय काय केला?
मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतही याच कारणाने गाड्या माघारी बोलावल्या गेल्या. कूलंट कमी होताच इशारा देणारा सेन्सर बसवण्याचे ठरले.

चालकाने काय करावे?
कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच तपासा. कूलंट वारंवार कमी होत असेल, तर नुसते भरत राहू नका. गळती शोधून घ्या. तापमानाचा लाल दिवा लागल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. धूर दिसल्यास बोनेट न उघडता सर्वांनी उतरून दूर जावे.