पाय हलव!

‘भूल’ हा शब्द मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोह, आणि इस्पितळात देतात तीही भूलच. या तिसऱ्या अर्थाशी माझी खरी गाठ पडली ती धाकट्या मुलीच्या पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी.

छकुलीचा कणा बाराव्या वर्षापासून एका बाजूस वाकू लागला होता. चौदाव्या वर्षी ‘आता थांबू नये’ असे ठरले आणि आम्ही उदगीरहून रेल्वेने हैदराबाद गाठले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पाव तासात सारे समजावले. भूल देणारे डॉक्टर मात्र आदल्या संध्याकाळी तासभर खाटेशी बसले. गृहस्थ तेलुगू, हिंदी जेमतेम.

सुई टोचली, मुलगी झोपली, की यांचे काम संपले, अशी आमची भाबडी समजूत! ते हसून म्हणाले, “काम तेथूनच सुरू होते.” मुलीला पाच-सहा तास पालथे निजवायचे. श्वासनळीतली नळी निसटली, तर पालथ्या रोग्याला ती पुन्हा घालणे महाकठीण. डोळ्यांवर भार पडला तर दृष्टीला धोका. पोट दबले की कण्यातल्या शिरा फुगतात आणि रक्त अधिक जाते. म्हणून ते मोकळे ठेवायचे. रक्तदाब चढला तर रक्तस्राव, फार उतरला तर मज्जारज्जूची उपासमार! शिवाय विजेचे हलके इशारे पाठवून पायांचे स्नायू दाद देतात की नाही हे यंत्रावर पाहायचे असल्याने, त्या वेळी स्नायू लुळे करणारे औषध चालत नाही.

“यंत्राने शंका घेतली, तर मध्येच भूल हलकी करून मुलीला पाय हलवायला सांगेन. वेदनेवरचे औषध चालूच राहील. बहुधा तिला आठवणारही नाही.” ही युक्ती फ्रान्समधल्या स्टाग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली प्रसिद्ध केली. सौ.ने पदराचे टोक तोंडाशी धरले.

“गुंगीत घरचीच भाषा कळते. मराठीत काय म्हणू?” डॉक्टरांनी वही काढली. मी प्राध्यापकी थाटात ‘आपले दोन्ही पाय…’ असे सुरू करताच सौ.ने मला थांबवले. “नुसते ‘छकुले, पाय हलव’ म्हणा.” त्यांनी ते तेलुगू लिपीत लिहून घेतले व चारदा घोकले.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून वेळ जाता जाईना. याच शहरात, उदगीर निजामाच्या मुलखात होते तेव्हा, 1888 आणि 1889 मध्ये एडवर्ड लॉरी यांनी निजाम सरकारच्या पाठिंब्याने क्लोरोफॉर्मची चौकशी चालविली. जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष असा, की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. तेव्हा श्वासाकडे पाहा. श्वासाकडे पाहणे योग्यच, पण हृदयाबाबत ते चुकले होते. हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय एकाएकी दगा देऊ शकते, हे लेव्ही यांनी 1911 साली दाखवले. भुलेतली भूल! एरवी मी या कोटीवर खूश झालो असतो.

दुपारी तीनला दार उघडले. यंत्रावरच्या लाटा मध्येच मंदावल्या होत्या, म्हणून मुलीला खरोखरच जागे करावे लागले होते. डॉक्टरांनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि मराठीत म्हणाले, “छकुले पाय हलव झाला. दोन्ही!”

वीस वर्षे वह्यांत तांबड्या रेघा ओढणारा मी. मला त्या वाक्यात एकही चूक सापडली नाही.